मी सांगितलेली सीरिज कुणीच का बघत नाही?

प्रिय ताई,

माझा प्रश्न तुमच्या सदरात बसतो की नाही, माहीत नाही. घरात भांडण नाही, कुणाशी व्यवहार अडकलेला नाही. प्रश्न वेबसीरिजचा आहे. हसू नका.

चांगली सीरिज बघून झाली की ती दुसऱ्याला सांगितल्याशिवाय मला राहवत नाही. ‘चेर्नोबिल’ संपवली त्याच रात्री पाच-सहा जणांना मेसेज टाकला, ‘सगळं बाजूला ठेव आणि ही बघच.’ त्यात माझा शाळेपासूनचा मित्रही होता. त्याच्या वडिलांचं गेले काही महिने हॉस्पिटल चालू आहे. म्हटलं, बिचाऱ्याला तेवढाच विरंगुळा. त्यानं दोन एपिसोड बघितले आणि ‘रटाळ आहे रे, झोप आली’ असं कळवलं. मला ते इतकं लागलं की नंतर मी त्याला फोनच केला नाही. बाकीच्यांनी तर सुरूसुद्धा केली नाही.

दुसरीकडे माझा मेहुणा. ‘ब्रेकिंग बॅड’ बघ म्हणून कित्येक दिवस हात धुऊन मागे लागलाय. एकदा सुटका करून घ्यायला मी ‘सुरू केली’ असं ठोकून दिलं. आता भेटला की पहिला प्रश्न, ‘कुठवर आलास?’ मी ‘चाललीय, चाललीय’ म्हणतो आणि विषय बदलतो.

बायकोला मी माझ्या आवडीच्या सीरिज शेजारी बसून दाखवतो. ती म्हणते, ‘तू टीव्ही बघतच नाहीस, माझं तोंड बघत बसतोस. आणि कुणी मरणार असलं की आधीच उसासा टाकतोस.’

तर मी सांगणं बंदच करू का? आणि बंद केलं, तर बघून झाल्यावर बोलायचं कुणाशी?

— शिफारसखोर

ता.क. आई आमच्याकडे असते. तिला कोरियन सीरिज बघायच्या आहेत. डब केलेली लावली की आमची मुलगी नाक मुरडते, सबटायटल्स ठेवली की आईला तेवढ्या वेगानं वाचून होत नाही. काय करावं?

*

प्रिय शिफारसखोर,

हसले, पण तुमच्या प्रश्नाला नाही. त्या आधीच टाकलेल्या उसाशाला. तुमच्या पत्नीची नजर दांडगी आहे. त्यांच्याकडे नंतर येते.

आधी मित्राला फोन करा. सीरिजचा विषय काढू नका, वडिलांची चौकशी करा. आणि तुम्ही त्याला काय बघायला लावलंत, ते एकदा त्याच्या जागी बसून बघा. १९८६ च्या एप्रिलमधली मध्यरात्र. सोव्हिएत युनियनमधल्या चेर्नोबिलची अणुभट्टी फुटली आहे. आग विझवायला आलेल्या जवानांना आपण कशावर पाणी मारतोय याची कल्पना नाही. त्यांच्यातला एक जण जमिनीवर पडलेला काळा तुकडा सहज उचलून बघतो, आणि थोड्याच वेळात त्याचा हात भाजून निघतो. हा पहिला भाग. दुसऱ्या भागात हॉस्पिटल येतं. जवान खाटांवर आहेत, नर्सा त्यांचे कपडे घाईघाईनं उतरवून तळघरात नेऊन टाकताहेत, बाहेर नातेवाईक आत सोडा म्हणून गर्दी करताहेत. तिसऱ्या भागात पुन्हा हॉस्पिटल, या वेळी मॉस्कोचं, आणि नवऱ्याच्या खाटेजवळून हलायला तयार नसलेली बायको. दिवसभर हॉस्पिटलच्या बाकावर बसून घरी आलेल्या माणसाला तुम्ही विरंगुळा म्हणून हॉस्पिटल दाखवलंत! तो दुसऱ्या भागावर थांबला हे बरंच झालं. त्याचं ‘रटाळ आहे रे’ हे सीरिजबद्दलचं मत असेलच असं नाही. ‘मला हे बघवत नाही’ असं जुन्या मित्राला सांगण्यापेक्षा ‘झोप आली’ म्हणणं सोपं जातं.

तुमच्या आवडीबद्दल माझी तक्रार नाही. सीरिज उत्तमच आहे. पण तुम्ही एकच मेसेज सहा जणांना पाठवलात, आणि त्यात सीरिज सोडून कुणाबद्दलच काही नव्हतं. मत देणं आणि शिफारस करणं ही दोन वेगळी कामं आहेत. मत तुमचं असतं. ‘मला चेर्नोबिल भयंकर आवडली’ हे तुम्ही गच्चीवरून ओरडून सांगितलंत तरी कुणाचं काही जात नाही, कुणाला काही करावं लागत नाही. शिफारस मात्र समोरच्याची असते. त्याच्या रात्री, त्याचं डोकं, त्याच्या घरात त्या वेळी जागं कोण असतं, हे सगळं तिच्यात येतं. ‘बघच’ म्हटलं की तुम्ही त्याच्या अंगावर एक काम टाकता. आणि काम टाकताना ते कुणाच्या अंगावर पडतंय हे बघायला हवं.

हीच ‘चेर्नोबिल’ तुम्ही दुसऱ्या कुणाला, दुसऱ्या तऱ्हेनं सांगू शकला असता. अपघातानंतर किरणोत्सर्ग मोजायला जे यंत्र हाताशी असतं ते ३.६ रॉन्टजेनच्या (हे किरणोत्सर्ग मोजायचं एकक) पुढे मोजूच शकत नाही. काटा ३.६ वर येऊन थांबतो आणि साहेब लोक ३.६ हाच खरा आकडा धरून वर कळवतात. वरचे त्याच्याही वर कळवतात. वाईट बातमी साहेबापर्यंत न्यायची कुणाची हिंमत होत नाही अशा ठिकाणी नोकरी केलेल्या कुणालाही हे एवढंच सांगा. तो त्या रात्री पहिला भाग लावेल. बघा, यात मी शेवट सांगितला नाही, ‘मास्टरपीस’ म्हटलं नाही, किती बक्षिसं मिळाली ते सांगितलं नाही. एक तपशील सांगितला, आणि तो कुणासाठी आहे ते सांगितलं. इतिहासाची आवड असणाऱ्याला सांगणार असाल तर आणखी एक वाक्य जोडा: त्यातली ती शास्त्रज्ञ बाई प्रत्यक्षात कुणी एक व्यक्ती नव्हती, अनेक शास्त्रज्ञांचं काम एका पात्रात घातलं आहे. सीरिज स्वतःच हे शेवटी कबूल करते. अशी माणसं आधी सांगितलं तर आनंदानं बघतात, नंतर कळलं तर फसवलं म्हणतात.

आता वेळेचा हिशेब, कारण शिफारस करणाऱ्यांना तो कधीच आठवत नाही. तुमच्या मेहुण्यांची ‘ब्रेकिंग बॅड’ पाच सीझन आणि ६२ भागांची आहे. एक भाग पाऊण तासाचा धरला तरी ते सत्तेचाळीस तासांच्या घरात जातं. म्हणजे ‘बघ रे’ या दोन शब्दांत त्यांनी तुमच्याकडून एका आठवड्याची पूर्णवेळ नोकरी मागितली आहे, तीही रात्रपाळीची. ‘द वायर’ ६० भागांची, आणि तिचे भाग तासाभराचे. ‘गेम ऑफ थ्रोन्स’ ७३. याउलट ‘फ्लीबॅग’चे दोन्ही सीझन मिळून १२ भाग, प्रत्येक अर्ध्या तासाच्या आत-बाहेर. ‘चेर्नोबिल’ही पाचच भागांची, एका सुट्टीच्या दिवसात संपणारी. सीरिज सुचवताना सुरुवातीलाच ‘एवढ्या भागांची आहे’ असं सांगून टाकावं. ऐकणारा मनातल्या मनात लगेच हिशेब करतो, आणि जमणार नसेल तर तिथंच मोकळा होतो. त्यालाही बरं, तुम्हालाही.

लांब सीरिज सुचवूच नये असं नाही. पण लांब सीरिज सुचवणाऱ्यानं वाट दाखवायला हवी. ‘पहिले चार-पाच भाग सहन कर, मग बघ कशी पकड घेते’ हे वाक्य मला अजिबात आवडत नाही. त्यापेक्षा नेमकं काय होणार ते सांगा. ‘द वायर’चंच घ्या. पहिल्या सीझनमध्ये बाल्टिमोर या अमेरिकन शहरातले पोलीस आणि ड्रग्ज विकणारी पोरं. त्यात आपण रुळतो न रुळतो तोच दुसरा सीझन उठून बंदरावर जातो, ओळखीची माणसं मागे पडतात, नवीन गोदी कामगार समोर येतात. पुष्कळ जण इथंच सोडतात, आपलं काहीतरी चुकलं असं वाटून. त्यांना आधीच सांगितलं की दर सीझनला शहराचा एक नवा कोपरा उघडणार आहे, पुढे राजकारण, मग शाळा, मग वर्तमानपत्र, तर ते बिचकत नाहीत. ती लिहिणारा डेव्हिड सायमन त्याच शहरातल्या वर्तमानपत्रात गुन्हेगारीची बातमीदारी करत होता, आणि त्याचा जोडीदार एड बर्न्स आधी पोलीस डिटेक्टिव्ह होता, मग शाळेत शिक्षक. हे कळलं की संथपणाचंही कारण कळतं. तसंच अमेरिकन ‘द ऑफिस’चं. पहिला सीझन सहाच भागांचा आहे आणि माझ्या मते तो तितकासा जमलेला नाही. सरळ सांगावं, ‘दुसऱ्या सीझनपासून सुरू कर, आवडली तर मागे ये.’ एवढी मोकळीक दिली की माणसं सुरू करायला तयार होतात.

मोठेपणा सांगणारी विशेषणंही जरा आवरा. तुमच्या पत्रातच ‘बघच’, ‘सगळं बाजूला ठेव’ असं आहे, म्हणून म्हणते. ‘अफलातून’, ‘जबरदस्त’, ‘अशी सीरिज झाली नाही’ असं ऐकून बसलेला माणूस पहिल्या मिनिटापासून अफलातूनपणाची वाट बघत बसतो. मग साधी, नीट उभी राहणारी सुरुवात त्याला फिकी वाटते. त्याऐवजी एक उणीव स्वतःच सांगून टाकावी. ‘गेम ऑफ थ्रोन्स’ सुचवायची असेल तर मी म्हणेन, ‘शेवटचा सीझन सहाच भागांत उरकलाय आणि ती घाई जाणवते, पण आधीची बरीच वर्षं मजेत जातील.’ काय होतं ते यात कुठेच नाही. पण ऐकणाऱ्याला कळतं, की हा माणूस डोळस आहे, भारावलेला नाही. भारावलेल्या माणसाची शिफारस कुणी मनावर घेत नाही.

‘सगळे बघताहेत’ हेही सांगू नका. हे ‘सगळे’ कसे मोजले जातात ते फार गमतीचं आहे. २०२० च्या सुरुवातीला नेटफ्लिक्सनं जाहीर केलं होतं की कुणी एखादी गोष्ट दोन मिनिटं जरी बघितली, तरी ती ‘बघितली’ असं धरायचं. दोन मिनिटांत शीर्षकसुद्धा संपत नाही काही सीरिजचं! पुढे २०२३ मध्ये त्यांनी पद्धत बदलली आणि एकूण बघितलेले तास भागिले सीरिजची लांबी असा हिशेब सुरू केला. त्याआधी २०१७ मध्ये पाच ताऱ्यांची मोजणी बंद करून नुसता अंगठा वर किंवा खाली, एवढंच ठेवलं. त्यांचा धंदा आहे, त्यांना तेवढं पुरतं. पण आपण माणसांनी एकमेकांना अंगठे का दाखवावेत? ‘आवडली का?’ या प्रश्नाला ‘हो’ किंवा ‘नाही’ असं उत्तर आलं की बोलणं संपतं. ‘कुठं सोडलीस?’ किंवा ‘त्यातलं कोण तुला खरं वाटलं?’ असं विचारलं की अर्धा तास जातो. मित्रानं ‘रटाळ’ म्हटलं तेव्हा तुम्ही दुखावून घेण्याऐवजी ‘कुठल्या जागी झोप आली?’ एवढं विचारलं असतं, तर त्यानं बहुधा हॉस्पिटलचा प्रसंग सांगितला असता, आणि त्यामागोमाग स्वतःचं बरंच काही.

आता पत्नी, आणि तो उसासा.

शेवट फोडणं म्हणजे फक्त ‘खुनी अमुक आहे’ असं सांगणं, असा आपला समज असतो. तुमच्यासारखे सज्जन लोक तसं कधीच सांगत नाहीत. ते सरसावून बसतात. ‘आता बघ हं,’ म्हणतात. ‘याच्यावर लक्ष ठेव,’ म्हणतात. ‘मी काही सांगत नाही, पण शेवट असा आहे ना…’ म्हणतात. झालं, फुटला. शेवटी धक्का आहे एवढं कळलं तरी बघणारा गोष्ट सोडून धक्का शोधायला लागतो.

यावर कुणीतरी तुम्हाला सांगेल की शेवट कळल्यानं काही बिघडत नाही, संशोधन झालंय. झालंय खरं. २०११ मध्ये सॅन डिएगोच्या कॅलिफोर्निया विद्यापीठातल्या जोनाथन लेव्हिट आणि निकोलस क्रिस्टनफेल्ड यांनी लोकांना लघुकथा वाचायला दिल्या, काहींना शेवट आधीच सांगून. शेवट माहीत असलेल्यांना त्या किंचित जास्तच आवडल्या. नंतरच्या काही अभ्यासांत याच्या उलटही निघालं. पण मुळात लघुकथा एका बैठकीत संपते. सीरिज आपण आठवडे-महिने सोबत घेऊन फिरतो, आंघोळ करताना ‘तोच असेल का’ असा विचार करतो. ही जी मधली घालमेल आहे, ती ज्याची त्यानं भोगायची असते. १९८० च्या मार्चमध्ये ‘डॅलस’ या अमेरिकन मालिकेत जे. आर. नावाच्या पात्रावर गोळी झाडली गेली, आणि ती कुणी झाडली हे थेट नोव्हेंबरात दाखवलं. आठ महिने लोक तर्क लढवत होते, पैजा लावत होते. मजा उत्तरात नव्हती. उत्तर कळल्यावर सगळे आपापल्या कामाला लागले.

हां, काही सीरिजचा शेवट फुटूच शकत नाही. ‘स्कॅम १९९२’ बघायला बसणाऱ्याला हर्षद मेहताचं पुढे काय झालं हे माहीतच असतं, तरी दहा भाग माणूस खिळून बसतो. अशा सीरिजबद्दल मोकळेपणानं बोला. पण काल्पनिक गोष्ट असेल तर पहिल्या भागाच्या पहिल्या अर्ध्या तासापलीकडे जायचं नाही, हा साधा नियम पाळा. ‘अ‍ॅडोलेसन्स’ मी अशी सांगेन: २०२५ ची, चारच भागांची. पहाटे पोलीस दार फोडून एका साध्या घरात शिरतात आणि तेरा वर्षांच्या मुलाला अटक करून नेतात. प्रत्येक भाग सलग एका शॉटमध्ये घेतलाय, मध्ये कुठं कापाकापी नाही, त्यामुळे पोलिसांच्या गाडीत त्या मुलासोबत, चौकीत त्याच्या बापासोबत आपणही ताटकळत राहतो. बस्स. आणि ऐकणाऱ्याच्या घरात त्या वयाचं मूल असेल तर, ‘आधी तुम्ही एकटे बघा,’ हेही सांगेन. ही सूचना आठवणीनं द्यायची असते. रक्तपात, आजारपण, मुलाचा मृत्यू, आत्महत्या, यांतलं काही असेल तर आधी सांगितल्यानं गोष्ट फुटत नाही. ज्याला नको आहे तो वाचतो, ज्याला चालतं तो तयारीनं बसतो.

बरं, बायकोबरोबर बघताना काय करायचं? शेजारी बसता ते ठीक, पण त्यांच्याकडे तिरकं वळून बसू नका. तुमची आवडती जागा जवळ आली की पाणी प्यायला उठा. खरंच उठा, स्वयंपाकघरात जा, पेला विसळा. त्या जागी त्या हसतील की रडतील की फोन बघतील, हे तुम्हाला दिसलंच नाही तर तुम्ही दुखावणारही नाही. दुसऱ्याला आपल्या आवडीची गोष्ट दाखवताना आपण परीक्षेला बसल्यासारखे होतो, ती सीरिज जणू आपणच लिहिली आहे! नाही लिहिलेली. ज्यांनी लिहिली त्यांना त्याचे पैसे मिळालेले आहेत.

मेहुण्यांचं प्रकरण लवकर मिटवा, कारण हे ‘चाललीय, चाललीय’ फार दिवस चालणार नाही. एक दिवस ते एखाद्या पात्राचं नाव घेऊन काहीतरी विचारतील आणि तुमची दांडी उडेल. त्याआधी तुम्हीच सांगा, ‘खोटं बोललो, सुरूच केली नाही. एवढी मोठी सीरिज बघून माझी छाती दडपते.’ ते रागावणार नाहीत. शिफारस करणाऱ्याला दुसरा शिफारस करणारा बरोबर कळतो. वर असंही म्हणा, ‘पहिला सीझन बघतो, मग ठरवू.’ ‘ब्रेकिंग बॅड’चा पहिला सीझन सातच भागांचा आहे. त्या वर्षी हॉलिवूडमधल्या लेखकांचा संप झाला म्हणून तो तिथंच आटोपला. तो संप तुमच्या पथ्यावर पडलाय. सात भाग बघून नाही आवडली तर ‘नाही आवडली’ म्हणायचा तुम्हाला पूर्ण हक्क मिळतो, आणि सहा-सात रात्रींत विषय मिटतो. पहिला भाग त्यांच्या घरी, त्यांच्या शेजारी बसून बघा हवं तर. मग कुणाच्या तोंडाकडे कोण बघतंय हे तुमच्या आपोआप लक्षात येईल.

त्यांच्या ‘कुठवर आलास?’ला मात्र नावं ठेवू नका. आजच्या काळात सीरिजवर बोलायला सुरुवात करायचा तोच खरा प्रश्न आहे. पूर्वी आठवड्याला एक भाग यायचा, सगळे एकाच जागी असायचे. नेटफ्लिक्सनं २०१३ च्या १ फेब्रुवारीला ‘हाउस ऑफ कार्ड्स’चे तेराच्या तेरा भाग एकदम सोडले, आणि तेव्हापासून एकाच ऑफिसात एक जण दुसऱ्या भागावर, दुसरा अकराव्यावर आणि तिसरा सगळं बघून विसरलेला, अशी गत झाली आहे. कोण कुठं आहे हे विचारल्याशिवाय तोंड उघडू नये.

यावरूनच तुमच्या खऱ्या प्रश्नाकडे येते. पत्र पुन्हा वाचलं तेव्हा शेवटचा प्रश्न मला सगळ्यात महत्त्वाचा वाटला: बघून झाल्यावर बोलायचं कुणाशी? तुम्हाला सीरिज बघणारे नको आहेत हो, बोलणारे हवे आहेत. तुम्ही शेवटाला पोचता, एकटे असता, मन भरून आलेलं असतं, आणि मग सहा जणांना हाक मारता. पण ते सहा जण अजून पहिल्या पायरीवरही नसतात. त्यांना तिथवर यायला महिने लागणार, तोवर तुमचं भरून आलेलं ओसरून जाणार. उशीर होतोय तो इथं. तर हाक शेवटी नाही, सुरुवातीला मारा. तुम्ही स्वतः न बघितलेली सीरिज काढा आणि एका कुणाला तरी विचारा, ‘ही दोघं मिळून सुरू करायची का?’ दोघांनाही पुढचं माहीत नाही, त्यामुळे उसासे नाहीत, परीक्षा नाही. आठवड्याला दोन भाग ठरवा आणि पुढे पळायचं नाही असं एकमेकांना बजावा. पळणार तुम्हीच आहात, म्हणून सांगते.

पत्नीसोबत सुरू करायची असेल तर ‘ओन्ली मर्डर्स इन द बिल्डिंग’ बघा. एकाच इमारतीत राहणारे तीन एकटे शेजारी, तिघांनाही गुन्ह्यांच्या पॉडकास्टचं वेड, आणि त्यांच्याच इमारतीत मृत्यू होतो. पहिला सीझन दहा भागांचा, भाग अर्ध्या तासाच्या आसपास. दर भागानंतर संशयित बदलतो, त्यामुळे दिवे मालवल्यावरही वाद घालता येतो. अगदी हलकी आहे, थोर वगैरे नाही, पण तुमच्या घरात सध्या थोर सीरिजची नव्हे, दोघांनी मिळून चुकीचे तर्क करण्याची गरज दिसते.

मित्राला सध्या काहीच सुचवू नका. फोन करा, जमलं तर हॉस्पिटलात जाऊन तासभर त्याच्या जागी तुम्ही बसा, म्हणजे त्याला घरी जाऊन झोपता येईल. झोप येते म्हणालाच आहे तो. पुढे कधी त्यानंच ‘काहीतरी बघायला सुचव रे’ म्हटलं, तर ‘पंचायत’ सांगा. शहरातला पोरगा नाइलाजानं गावात पंचायत सचिवाची नोकरी धरतो, पहिल्या सीझनचे आठ भाग, आणि कुठल्याही भागावर सोडली तरी जिवाला लागत नाही. सांगा आणि विसरून जा. ‘बघितलीस का?’ हा प्रश्न त्याला विचारायचा नाही. बघितली असेल तर तोच बोलेल.

राहता राहिला ताजा कलम. डबिंग की सबटायटल्स, या वादात तुमच्या मुलीची बाजू पूर्ण चूक नाही. मूळ आवाजातला कंप, रडताना तुटणारं वाक्य, हे डबिंगमध्ये बरंचसं जातं, आणि ओठांच्या हालचालींशी जुळवताना वाक्यंही वाकवावी लागतात. पण सबटायटल्सही काही पूर्ण संवाद देत नाहीत. वाचायला ऐकण्यापेक्षा वेळ लागतो म्हणून बोललेलं छाटून दोन ओळींत बसवलेलं असतं. शिवाय नजर सतत पडद्याच्या तळाशी अडकते आणि चेहरे बघायचे राहून जातात. आईंना वाचून होत नसेल तर त्यांच्यासाठी डबच बरं, त्यात कमीपणा काही नाही. त्यांना कोणती सीरिज बघायची आहे ते तुम्ही लिहिलं नाहीत. ‘स्क्विड गेम’चं नाव ऐकलं असेल तर लहान मुलांचे खेळ आणि हरणाऱ्याचा जीव जातो, हे आधी सांगा आणि मग त्यांना ठरवू द्या. नाहीतर ‘क्रॅश लँडिंग ऑन यू’ लावा. दक्षिण कोरियातली श्रीमंत घरची मुलगी पॅराग्लायडिंग करता करता वाऱ्यानं भरकटून उत्तर कोरियात पडते, तिथून गोष्ट सुरू होते. सोळा भाग आहेत, आणि बहुतेक भाग तासाहून मोठे. हे मी आधी सांगतेय, नंतर बोल लावू नका.

मुलगी फारच नाक मुरडायला लागली, तर तिला आजीच्या शेजारी बसवा, सीरिज मूळ आवाजात लावा आणि सबटायटल्स तिला मोठ्यानं वाचून दाखवायला सांगा. दुसऱ्या भागाच्या मध्यावर डबिंगचं बटण तीच शोधेल.

— ताई